घरच्या वर्कशॉपमधला बँडसॉ: ब्लेडच्या निवडीपासून पावसाळ्यातल्या निगेपर्यंत

नाशिकच्या मखमलाबादला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्टीने लोखंड कापणारी करवत, आणला, तो आवाजापायी. त्याआधी सगळं लोखंड चॉप सॉवर कापायचो. चकती अँगलला लागली की ठिणग्यांचा फवारा, काळी धूळ आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाणारी किंकाळी. बँडसॉ चालू असताना आता आम्ही शेजारी उभं राहून साध्या आवाजात बोलतो. ठिणगी पडत नाही, कापलेलं तोंड निळं पडत नाही, आणि कापात वाया जाणारा माल जेमतेम एक मिलिमीटर. चकती तीन मिलिमीटर खाते. घरच्या कामाला यापेक्षा चांगलं कापायचं यंत्र मला माहीत नाही.

तरीही माझ्या ओळखीत कितीतरी जणांकडे हे मशीन ताडपत्री घालून कोपऱ्यात पडलंय. विचारलं तर दोनच उत्तरं येतात: ब्लेड टिकत नाही आणि काप तिरका जातो. तक्रारी खऱ्या आहेत. पण दोन्हींचं मूळ बटण दाबायच्या आधी आपण काय केलं, त्यात असतं. सातपूरला टूलरूममध्ये नोकरीला होतो तेव्हा कटिंगवर एक फिटरमामा होते. कुणाचा काप बिघडला की ते मशीनकडे बघायचे नाहीत. मशीन बंद करून खाली पडलेला कीस उचलायचे, तळहातावर पसरायचे आणि सांगायचे, "दाब जास्त झालाय," किंवा "दाते नुसते घासतायत." मीही पुढे तेच करायला शिकलो, आणि घरच्या मशीनवर ब्लेड टिकायला लागलं ते तेव्हापासून.

कोणतं मशीन, कुठे ठेवायचं

इथे मी बोलतोय ते साडेचार इंची आडव्या बँडसॉबद्दल: डोकं एका बाजूला खिळीवर बसवलेलं, स्वतःच्या वजनाने खाली येणारं, गरज पडली तर उभं करून छोटं टेबल लावता येणारं. गोल माल साधारण ११५ मिमीपर्यंत कापतो. ब्लेड १६३८ मिमी लांब, १३ मिमी रुंद आणि ०.६५ मिमी जाड. ब्लेड मागवताना हे तीन आकडे आणि चौथा दात्यांचा, असे चार आकडे सांगावे लागतात. तुमच्या मशीनची लांबी वेगळी असू शकते, म्हणून जुनं ब्लेड मोजूनच जा. घसरणारा टेप वापरण्यापेक्षा ब्लेडवर खडूची खूण करा आणि ते सपाट फरशीवर एक फेरा गडगडवत न्या. खूण पुन्हा जमिनीला लागली ती लांबी.

मोटर बहुतेक अर्ध्या ते एक एचपीची, सिंगल फेजवर चालणारी. घरातून शेडपर्यंत बारीक एक्स्टेंशन वायर ओढू नका. दोन-अडीचशे फुटी गुंडाळी लावून मोटर गुणगुणते पण फिरत नाही, असं मी पाहिलंय. २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, पक्कं अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच) एवढं करून घ्या. कूलंटचं पाणी, लोखंडी बेड आणि वीज एकत्र असताना यात तडजोड नको.

मशीन भिंतीला चिकटवू नका. लोखंड सहा मीटरच्या लांबीत येतं. ते मशीनच्या मागून आत यायला आणि पुढे बाहेर पडायला वाट हवी. माझ्या शेडच्या मागच्या पत्र्याला मी बेडच्या उंचीवर एक झडप केलीय. लांब अँगल त्यातून अंगणात जातो.

ब्लेड: सगळ्यात जास्त विचार इथे करा

स्वस्तातलं कार्बन स्टीलचं ब्लेड ॲल्युमिनियमला आणि मऊ पितळेला चालतं. रोज लोखंड कापायचं असेल तर बायमेटल घ्या. त्याची पाठ लवचीक स्प्रिंग स्टीलची असते आणि दात्यांच्या टोकाला हाय स्पीड स्टीलची पट्टी जोडलेली असते, बहुधा एम४२, ज्यात ८ टक्के कोबाल्ट असतो. दाते तापले तरी धार मऊ पडत नाही. किंमत दुपटी-तिपटीने वाटते, पण कापांच्या हिशेबाने तेच स्वस्त पडतं.

आता दात्यांचा आकडा. इंचात किती दाते, हे ब्लेडवर लिहिलेलं असतं: १०/१४, १४/१८, ६/१० असं. दोन आकडे म्हणजे दात्यांमधलं अंतर मुद्दाम कमी-जास्त ठेवलंय, त्यामुळे ब्लेड थरथरत नाही. हिशेबाला मधला आकडा धरा. १०/१४ म्हणजे १२ दाते, एक दाता साधारण २.१ मिमीवर. १४/१८ म्हणजे १६ दाते, एक दाता १.६ मिमीवर.

नियम एकच आहे: कोणत्याही क्षणी मालात कमीत कमी तीन दाते रुतलेले हवेत. तीनपेक्षा कमी झाले की पातळ कड दोन दात्यांमधल्या खाचेत शिरते आणि दाता मुळापासून उडतो. हे मी स्वतः भोगलंय. पहिल्याच आठवड्यात सहा दात्यांचं नवं ब्लेड लावून २५×२५×३ चा अँगल कापायला घेतला. टक-टक असा आवाज आला, मी डोकं उचलेपर्यंत हातभर लांबीतले दाते गेले होते. ते ब्लेड भरीव गोलासाठी उत्तम होतं. चूक माझी होती: तीन मिमीच्या भिंतीत त्याचा एक दाताही पुरता बसत नव्हता.

उलट बाजूनेही चुकता येतं. ५० मिमीचा भरीव गोल बारीक दात्यांच्या १४/१८ ने कापायला गेलात तर मधोमध एका वेळी ३० दाते मालात असतात. खाचा लहान, कीस मावत नाही, तो कापात गच्च होतो आणि ब्लेड नुसतं पॉलिश करत बसतं. भरीव मालाला १० ते २० दाते मालात राहतील असं बघा. ५० मिमीला ६/१० किंवा ८/१२ छान चालतं.

घरात दोनच ब्लेडं ठेवायची तर मी १४/१८ आणि ८/१२ ठेवीन. पहिलं पाईप, बारीक अँगल, पातळ चौकोनी नळ्यांसाठी. दुसरं भरीव मालासाठी. मधल्या कामाचा बोजा जास्त असेल तर १०/१४ तिसरं.

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात गुंडाळीतून हव्या त्या लांबीचं ब्लेड कापून जोडून मिळतं. जोड तिथल्या तिथे तपासा. बोट फक्त पाठीच्या बाजूने जोडावरून फिरवा, पायरी लागता कामा नये. मग जोडाचा भाग सरळ पट्टीला लावून बघा, पाठ एका रेषेत हवी. जोड शेकून नीट मऊ केलेला नसेल तर तो काचेसारखा तुटतो; मला एकदा असं ब्लेड मिळालं, दुसऱ्याच कापाला जोडावर तुकडा पडला. दुकानदाराने काही न बोलता पुन्हा जोडून दिलं. तेव्हापासून मी दुकानातच जोडाचा भाग सावकाश मोठ्या कमानीत वाकवून बघतो. चांगला जोड ब्लेडच्या बाकी भागाबरोबर एकसारखा वाकतो, टोक काढत नाही.

ब्लेड बसवणं

आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

नवं ब्लेड तीन वेटोळ्यांत बांधून येतं आणि तार सोडली की सापासारखं उसळतं. हातमोजे घाला, डोळ्यांना गॉगल लावा, हात लांब करून चेहरा बाजूला ठेवून सोडा. हातमोजे फक्त इथेच. मशीन चालू असताना हातमोजा घालायचा नाही, तो दात्यात अडकला तर हात सोबत ओढला जातो.

ब्लेड मशीनपाशी धरा आणि दात्यांची दिशा बघा. कापाच्या जागी ब्लेड ज्या बाजूला ओढलं जातं त्या बाजूला दात्यांची तोंडं हवीत. उलटी दिसली तर ब्लेड दोन्ही हातांनी पिळून आतलं बाहेर करा, की सुलटं होतं. नव्या माणसाला ब्लेड कापतच नाही असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा ते उलटं बसलेलं असतं.

ताण ढिला असताना ब्लेड आधी गाईडच्या बेअरिंगांमधून सरकवा, मग दोन्ही चाकांवर चढवा. थोडा ताण द्या. आता चाक हाताने फिरवा, किमान दहा फेरे, आणि ब्लेडची पाठ बघत राहा. चाकाच्या काठाला कड असते. ब्लेडची पाठ तिच्या अगदी जवळ राहिली पाहिजे, तिला घासता कामा नये. पाठ कडेवर घासत असेल तर चाकाची कड कुरतडली जाते आणि ब्लेडच्या पाठीला बारीक तडे जातात. पुढे सरकत असेल तर कधीतरी ब्लेड उतरतं. ताणाच्या चाकामागे तिरकेपणा बदलायचे स्क्रू असतात. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, आणि दर वेळी पुन्हा दहा फेरे. या कामाला पहिल्यांदा अर्धा तास लागतो आणि तो द्यावा.

मग पूर्ण ताण. या लहान मशीनवर मोजायचं साधन नसतं. ताण देऊन ब्लेड मधोमध अंगठ्याने बाजूने दाबा; जेमतेम एखादा-दीड मिमी हललं पाहिजे. बायमेटल ब्लेडला आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त ताण लागतो. काप पोटासारखा फुगून येत असेल तर पहिला संशय ढिल्या ताणावर घ्या.

गाईड आणि गुण्या

ब्लेडला दोन्ही बाजूंनी धरणारी बेअरिंग इसेंट्रिक, म्हणजे आस मधोमध नसलेल्या, बोल्टवर बसवलेली असतात, बोल्ट फिरवला की बेअरिंग जवळ-लांब होतं. प्लग काढलेला असताना ती अशी बसवा की बेअरिंग बोटाने फिरवलं तर ब्लेडला हलकं घासत फिरेल. ब्लेड चालू झालं की त्याच्यासोबत फिरेल. मागचं बेअरिंग पाठीपासून कागदाच्या कपट्याइतकं लांब. कापताना ब्लेड मागे रेलून त्याला टेकतं. जे बेअरिंग फिरत नाही, त्यावर ब्लेडने चर पाडलेला दिसेल; ते लगेच बदला, साधं मिळणारं बेअरिंग असतं.

दोन गाईडमधलं अंतर मालापेक्षा फक्त बोटभर जास्त ठेवा. ४० मिमीचा अँगल कापताना सरकतं गाईड सहा इंच लांब ठेवणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. मोकळं ब्लेड जितकं लांब तितकं ते वळतं.

आता गुण्या. बेडवर गुण्या उभा करा आणि त्याची पट्टी ब्लेडच्या सपाट अंगाला, दात्यांच्या मागे, लावा. दाते आलटून-पालटून बाहेर वाकवलेले असतात (त्याला सेट म्हणतात), त्यांना पट्टी लावली तर फसाल. वरपासून खालपर्यंत उजेड दिसता कामा नये. दिसला तर गाईडचा ठोकळा सैल करून ब्लेड किंचित पिळावं लागतं. मग व्हाइसचा, म्हणजे माल आवळून धरणाऱ्या पकडीचा, स्थिर जबडा ब्लेडशी काटकोनात आहे का बघा. जबड्याखालच्या पट्टीवरचे अंश शोभेचे समजा, त्यांच्यावर विसंबू नका.

शेवटची परीक्षा कापून होते. ५० मिमी रुंदीचा भरीव चौरस घ्या, एक काप मारा, तोंड दोन्ही दिशांनी गुण्याला लावा. तोंड वरून खाली तिरकं असेल तर दोष ब्लेडच्या उभेपणात, ताणात किंवा गाईडमध्ये. डावी-उजवीकडे तिरकं असेल तर दोष व्हाइसमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा कापा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की काय सुधारलं ते कळत नाही.

माल पकडणं: दिंडोरीचे अँगल

आमचे दाजी दिंडोरीला द्राक्षं करतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी उरकली की मांडवाची डागडुजी निघते, आणि वाय अँगलचे तुकडे माझ्याकडे कापायला येतात. ४०×४०×५ चा अँगल, शे-दीडशे तुकडे, सगळे एका मापाचे.

अँगल व्हाइसमध्ये कसा ठेवायचा यावर ब्लेडचं आयुष्य ठरतं. सरळ ठेवला, म्हणजे एक पाय बेडवर आणि दुसरा जबड्याला उभा, तर ब्लेड आधी ५ मिमीच्या उभ्या भिंतीतून जातं. १०/१४ च्या ब्लेडचे तिथे दोन-सव्वादोन दातेच रुततात. मग एकदम खालच्या पायावर येतं आणि ४० मिमीमध्ये १९ दाते. आधी उपाशी, मग अचानक अजीर्ण. त्याऐवजी अँगल छपरासारखा ठेवा, कोपरा वर आणि दोन्ही कडा बेडवर. भिंत तिरकी कापली जाते, म्हणून ५ मिमीची आडवी जाडी ७ मिमी होते. एका पायात तीनहून थोडे जास्त दाते, असे दोन पाय, आणि हे प्रमाण वरपासून खालपर्यंत जवळजवळ तेच राहतं. फक्त सुरुवातीला कोपऱ्याच्या टोकावर डोकं हाताने धरून हळू टेकवावं लागतं.

पहिल्या वर्षी दाजी शेजारी उभे होते. चार-पाच तुकडे बघून म्हणाले, "अरे, दाब की वरून थोडं, अंधार पडेल आपल्याला." मी म्हटलं, "दाजी, तुम्ही बागेत कात्री मारता तेव्हा वेल ओढता का?" ते हसले आणि तुकडे मोजून ठेवायला लागले. त्या दिवशी एका ब्लेडवर सगळं काम निघालं.

चॅनल (U आकाराचा माल) पालथा ठेवू नका, दोन्ही पाय खाली करून ठेवला तर ब्लेडला सुरुवातीलाच सगळी रुंदी एकदम मिळते. शक्य असेल तिथे आडवा, पोट जबड्याला लावून ठेवा. पट्टी आडवी घालायची की उभी, हेही तीन दात्यांच्या हिशेबानेच ठरवा. गोल पाईपाला पर्याय नसतो, तिथे बारीक दातेच.

आखूड तुकडा पकडताना जबडा एका टोकाला उघडतो आणि पकड सुटते. दुसऱ्या टोकाला त्याच जाडीचा तुकडा घाला, जबडा समांतर राहतो. माल हलला तर पहिला दाता जातो, म्हणून घट्ट केल्यावर हाताने हिसका देऊन बघा. मापाचा स्टॉपर लावून माल पकडला की स्टॉपर जरा मागे सरकवा. तो तसाच टेकलेला राहिला तर कापलेला तुकडा ब्लेड आणि स्टॉपरच्या मध्ये अडकतो आणि ब्लेड मुरगळतं. लांब मालाच्या शेपटीखाली घोडी ठेवा, बेडच्या पातळीत. शेपूट लटकली की काप शेवटी आवळतो.

वेग, दाब आणि कीस

या मशीनला पट्टा बदलून तीन वेग मिळतात. माझ्या मशीनवर ते नेमके किती, हे मी मोजून घेतलं: ब्लेडच्या पाठीवर खडूची जाड खूण, झाकणं बंद, मशीन सुरू, आणि लांब उभं राहून एका मिनिटात खूण किती वेळा गेली ते मोजायचं. १५ वेळा गेली तर १.६३८ गुणिले १५, म्हणजे मिनिटाला साडेचोवीस मीटर. २० वेळा गेली तर पावणेतेहतीस.

साध्या एमएसला (माइल्ड स्टीलला), ब्रशने तेल लावून कापताना, मिनिटाला ३० ते ४० मीटर. कूलंटची धार असेल तर ६०पर्यंत जाता येतं. स्टेनलेस ३०४ ला आणि ईएन २४ सारख्या चिवट स्टीलला २० ते २५. ॲल्युमिनियम आणि पितळेला मशीनचा सगळ्यात वरचा वेग. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मधल्या वेगाने आणि कोरडं. त्यातलं ग्राफाइट स्वतःच वंगण होतं, तेल घातलं तर काळा चिखल होतो.

दाब म्हणजे डोकं किती जोराने खाली येतं. काही मशीनवर स्प्रिंग असते, काहींवर तेलाचा सिलिंडर. स्प्रिंग असेल तर ताणकाट्याने डोक्याचं टोक उचलून बघा. भरीव मालाला मी साधारण ४ किलोवर ठेवतो, पातळ नळीला निम्म्यावर आणतो. सिलिंडर असेल तर वॉल्व्हने उतरण्याचा वेग ठरतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे नाशिकचा पारा दहाच्या खाली गेला की त्यातलं तेल दाट होतं आणि डोकं नेहमीपेक्षा हळू उतरतं. सकाळच्या खुणेवर दुपारी विसंबू नका.

आकडे झाले, आता कीस. दोन-तीन मिनिटं कापून मशीन थांबवा आणि ब्रशने थोडा कीस पांढऱ्या कागदावर घ्या. सैल गुंडाळलेल्या, चंदेरी, हाताला कोमट लागणाऱ्या गोल शेवया दिसल्या तर सगळं जुळलंय. बारीक भुकटी असेल तर दाते कापत नाहीत, घासतायत. दाब थोडा वाढवा. कीस जाड, पिवळा-निळा पडलेला असेल तर दाब किंवा वेग जास्त आहे. स्टेनलेसच्या बाबतीत भुकटी सगळ्यात वाईट: ते घासलं गेलं की कापाची जागा कडक होते, आणि पुढच्या दात्याला त्या कडक थरातून जावं लागतं. तिथे वेग कमी, पण दाब ठाम आणि न थांबता.

नव्या ब्लेडला पहिल्या सहा-सात कापांपर्यंत निम्माच दाब द्या, वेग नेहमीचा. दात्यांची टोकं अतिशय तीक्ष्ण असतात, पूर्ण दाब आला तर ती सूक्ष्म तुकड्यांनी उडतात. हलक्या दाबाने ती एकसारखी घासून बसतात आणि पुढे कितीतरी टिकतात. मी ब्लेडच्या डब्याच्या झाकणावर कापांच्या रेघा मारत जातो. सात झाल्या की स्प्रिंग पूर्ण दाबावर आणतो.

भंगारातून आणलेल्या मालाची आधी कानशीने परीक्षा घ्या. कानस घसरली आणि चकाकी सोडून काही निघालं नाही तर ते बँडसॉवर लावू नका. गाडीच्या कमानीचा पाटा, जुने बेअरिंगचे कडे, गॅसने कापलेल्या प्लेटची कड, हे सगळं ब्लेड एका कापात संपवतं. अशा मालाला चकतीच बरी. टीएमटी सळईचीही बाहेरची साल कडक केलेली असते. ती कापता येते, पण कमी वेगाने.

तेल-पाणी

विरघळणारं कटिंग ऑइल १ भागाला १० ते २० भाग पाणी. बादलीत आधी पाणी, मग तेल ओतत ढवळा. उलटं केलं तर गुठळ्या होतात. पण घरच्या कामाला मी टाकी भरून कूलंट वापरत नाही. आठवड्यातून दोनदा चालणाऱ्या मशीनमध्ये ते पंधरा दिवसांत कुजून वास मारतं, आणि शेवटी टाकायचं कुठे हा प्रश्न उरतो. गटारात टाकलेलं शेवटी गोदावरीत जातं. आपल्या शेडमधलं तेल रामकुंडाच्या खाली वाहणाऱ्या पाण्यात जावं, हे मला सहन होत नाही. एमएसला ब्रशने कटिंग ऑइल आणि ॲल्युमिनियमला ब्लेडवर मेणाची कांडी एवढ्यावर माझं भागतं. तेलाने भिजलेला कीस वेगळ्या डब्यात जमवून भंगारवाल्याला द्या.

मॅग्नेशियम मिश्रधातूचं काही असेल, तर ते घरी कापूच नका. त्याचा बारीक कीस पेट घेतो आणि पाण्याने आणखी भडकतो.

काप चालू असताना बिघडलं तर

दाता तुटल्याचा आवाज आला की लगेच थांबा, डोकं उचला आणि कापातून तुटलेले दाते चुंबकाने काढून टाका. ते कडक तुकडे आत राहिले तर पुढच्या दात्यांनाही घेऊन जातात. नवं ब्लेड लावल्यावर त्याच जुन्या कापात कधी घालायचं नाही. झिजलेल्या ब्लेडने केलेला चर अरुंद असतो, नवं ब्लेड त्यात अडकून तिथेच मरतं. माल फिरवून पलीकडून नवा काप घ्या.

ब्लेड तुटलं तर टाकून देण्याआधी तडा कुठून निघाला ते बघा. पाठीकडून निघाला असेल तर चाकाची कड किंवा मागचं बेअरिंग घासतंय. खाचेतून निघाला असेल तर दाब जास्त, किंवा ब्लेडचं आयुष्यच संपलं. जोडावर तुटलं तर जोड.

काप एकाच बाजूला ओढला जातोय आणि गाईड, ताण सगळं ठीक आहे, तर एका बाजूच्या दात्यांची धार गेली आहे. एखादा कडक ठिपका लागला की असं होतं. त्या ब्लेडला आता अचूक काम सांगू नका, भंगार तोडायला ठेवा.

मशीन उभं करून टेबलावर कापताना लक्ष न देता कामाला लागणं धोक्याचं. बोटं ब्लेडच्या रेषेत येऊ देऊ नका, लाकडाच्या दांडीने माल ढकला, आणि काप सुटायच्या वेळी जोर आधीच कमी करा.

निगा

रोजचं काम पाच मिनिटांचं आहे. प्लग काढा, दोन्ही झाकणं उघडा, चाकांच्या कडेला आणि गाईडमध्ये अडकलेला कीस रंगाच्या ब्रशने झाडा. हवेच्या फवाऱ्याने उडवू नका, तो बेअरिंगमध्ये आणि डोळ्यात जातो. ब्लेडवरचा तारेचा ब्रश खाचेच्या तळापर्यंत पोचतोय का बघा. झिजला असेल तर पुढे सरकवा. हा छोटासा ब्रश काम करत नसला की खाचेत कीस घेऊन ब्लेड पुन्हा कापात शिरतं, आणि ब्लेड टिकत नाही अशी तक्रार सुरू होते. दोन दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवायचं असेल तर ताण सैल करा आणि हँडलला चिठ्ठी बांधा, नाहीतर पुढच्या वेळी सैल ब्लेडवरच बटण दाबलं जाईल.

महिन्यातून एकदा व्हाइसच्या आट्यांना आणि डोक्याच्या खिळीला ग्रीस, पट्ट्याचा ताण, आणि डोकं खाली आल्यावर मशीन आपोआप बंद करणारा स्विच नीट काम करतो का, ही तपासणी. गिअर बॉक्सचं तेल नव्या मशीनमध्ये सुरुवातीच्या वापरानंतर एकदा बदला. पहिल्या तेलात गिअरचा सोनेरी कीस येतो, त्याने घाबरू नका. दुसऱ्या वेळीही तितकाच आला तर मात्र गिअर खोलून बघावा लागेल. तेलाचा नंबर मशीनच्या पुस्तकातलाच वापरा, कारण वर्म गिअरचं चाक ब्राँझचं असतं आणि भलत्या तेलातली रसायनं ब्राँझ खातात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझं वेगळं काम असतं. पत्र्याखाली रात्रभरात बेडवर दव धरतं आणि सकाळी तांबूस बुरशीसारखा गंज दिसतो. पाऊस सुरू व्हायच्या आधी बेड, जबडे आणि चाकांच्या कडा रॉकेलने पुसतो, कोरड्या करतो आणि पातळ तेलाचा हात देतो. सुटी ब्लेडं तेल पुसून, तीन वेटोळी घालून, दाते आत न घासतील अशी सुतळीने बांधतो आणि घरात लाकडी फळीवर ठेवतो, शेडमध्ये भिंतीच्या खिळ्याला टांगत नाही. प्रत्येक ब्लेडला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी: दात्यांचा आकडा, जोडल्याची तारीख, आणि शेवटचा काप कोणत्या मालाचा होता.